धनादेश कोणाच्या नावे?

शासनाने शेतकऱ्याला थेट रोख साहाय्य द्यावे, ही कल्पना आज सर्वांच्या परिचयाची आहे. अनुदानाचा हप्ता जमा झाला की ग्रामीण शाखांत पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग लागते. अमेरिकेत या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा नव्वद वर्षांपूर्वी झाली. तिचे कडू फळ ज्यांनी चाखले, त्यांत अर्कान्सा राज्यातील पॉइनसेट काउंटीचे वाटेकरी होते. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा.

1929 साली पौंडाला सोळा-सतरा सेंट मिळवून देणारा कापूस 1931-32 मध्ये सहा सेंटांच्या घरात आला होता. मे 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली : लागवड घटवा, मोबदला सरकार देईल. परंतु तोवर पेरण्या उरकल्या होत्या. परिणामी सुमारे 1 कोटी एकरांवरील उभ्या कापसावर नांगर फिरवावा लागला. पिकाच्या ओळीवर पाय न देण्याची सवय जडलेली खेचरे त्या दिवसांत जागची हलेनात, असे सांगतात. एकरी 7 ते 20 डॉलर मोबदला ठरला होता.

खरी मेख होती ती 1934-35 च्या करारात. जमीन पडीक ठेवल्याबद्दल पौंडामागे साडेतीन सेंट खंड आणि वर एक सेंट पूरक भाव. या साडेचार सेंटांपैकी अर्धेलीने कसणाऱ्याच्या वाट्याला अर्धा सेंट येई. तोही मालकाच्या हातून, कारण धनादेश त्याच्याकडे जाई आणि तो वाटेकऱ्यांचा विश्वस्त मानला जाई. कुळांची संख्या मालकाने ‘शक्यतो’ कायम ठेवावी, असे कलम होते. कर्जाची कागदपत्रे तपासणाऱ्याला अशा शब्दाची किंमत वेगळी सांगावयास नको. लागवड घटली, तशी माणसेही नकोशी झाली आणि कुटुंबे घराबाहेर पडली. दाद मागावी, तर स्थानिक समित्यांवर वजन मळेवाल्यांचेच.

जुलै 1934 मध्ये याच काउंटीतील टायरोन्झा गावाजवळ 18 जण एकत्र आले. त्यांत 11 गोरे होते, 7 कृष्णवर्णीय. वर्णभेदाच्या त्या काळात ही गोष्ट धाडसाची होती. त्यांतून ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ उभी राहिली. पैसे कसणाऱ्याला थेट मिळावेत, ही तिची प्रमुख मागणी. कृषी खात्यातील काही विधिज्ञांनी करारातील कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला. फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांनाच नोकरीतून दूर करण्यात आले! कुळे कमी करून मालकाने आपले अनुदान वाढवू नये, अशी तरतूद कायद्यात आली ती 1938 साली. घराबाहेर पडलेल्यांना तिचा काय उपयोग?

आपल्याकडे 2019 पासून सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात जमा होतात. मालकाच्या हातून वाटपाचा प्रश्न येथे नाही. मात्र पात्रता ठरते ती जमिनीच्या नोंदीवरून. सात-बाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्या बटाईदाराच्या खात्यावर त्या दिवशी काहीच जमा होत नाही. संयुक्त देयता गटामार्फत त्याला बँकेचे पीककर्ज मिळू शकते. पण ते कर्ज आहे, फेडावे लागते.