नर्मदेची भरती आणि बाझेलचं पुस्तक

मोलगीच्या उत्तरेला डोंगर उतरत गेलात की नर्मदा लागते. तिथं आता सरदार सरोवराचं पाणी डोंगरांच्या पायथ्याशी तुंबून उभं असतं. पुढं हीच नदी भरूचवरून खंभातच्या आखाताला मिळते. त्या मुखातून जहाज आत कसं आणायचं, याचं वर्णन एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात आहे. आणि ते पहिल्यांदा छापलं गेलं १५३३ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात!

पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. मूळ मजकूर ग्रीक, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. लिहिणारा इजिप्तकडून येणारा एक अनामिक व्यापारी. तो सांगतो की किनारा सखल असल्यानं नदीचं मुख चटकन सापडत नाही, आणि भरतीचा लोंढा तर जहाज उलथवून टाकेल असा. म्हणून राजाच्या चाकरीतले तिथलेच मच्छीमार होड्या घेऊन पार सौराष्ट्रापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी जहाजं ओढत आत आणतात. पैठण, तेर, कल्याण, चौल हीसुद्धा त्यात भेटतात. पैठणहून भरूचपर्यंत माल यायला वीस दिवस लागत, असा हिशोबही त्यानं देऊन ठेवलाय.

आता तुम्ही म्हणाल, पहिली आवृत्ती म्हणजे सगळ्यात अस्सल. इथं उलटं आहे. गेलेनियस नावाच्या विद्वानानं काढलेली ही आवृत्ती चुकांनी भरलेली होती, आणि पुढची तीनशे वर्षं बाकीचे तिच्यावरच विसंबून राहिले. मूळ हस्तलिखित दहाव्या शतकातलं. ते हायडलबर्गहून १६२३ साली रोमला गेलं, तिथून पॅरिसला, आणि १८१६ साली परत हायडलबर्गला आलं. ते पुन्हा हाती लागल्यावर छापील चुका उघड्या पडल्या. कुठली चूक कुठून पुढं सरकली, हे जुनी आवृत्ती समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. संग्राहक तिच्यामागं लागतात ते यासाठीही. (नुसती कपाटात मिरवायला घेणारेही असतात, ते सोडा.)

बाझेलची प्रत आपल्या खिशाला परवडणारी नाही. पण ते हस्तलिखित हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर फुकट ठेवलंय. रेंज मिळाली की मोलगीत बसून बघा.

जमवायचं असेल तर मराठीपासून सुरुवात करा. पंडिता रमाबाई १८८३ साली जहाजानं इंग्लंडला गेल्या, १८८६ साली लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला. १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' आलं. त्याची दोन वेगवेगळी इंग्रजी भाषांतरं २००३ साली, एकाच वर्षी निघाली. मधल्या ११४ वर्षांत कुणी ना कुणी मराठी प्रती वाळवीपासून वाचवल्या, म्हणूनच ना!

असं पुस्तक रद्दीत, आठवडे बाजारात किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर दिसलं, तर आधी पहिली चार पानं बघा. नुसता शक दिला असेल तर ७८ मिळवा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण नवे पैसे त्या वर्षी आले. 'सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे' असं काही छापलेलं दिसलं तर घाबरू नका, तो पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा. आणि 'आवृत्ती दुसरी' दिसली म्हणून फेकून देऊ नका. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लेखक कधीकधी पहिलीत काय बदललं ते सांगून टाकतो.

आपल्याकडं खरा शत्रू पाऊस. सातपुड्याच्या ओलीत पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलंत तर बुरशी आलीच. जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकवता ठेवा, उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी अजिबात नको, ती पिवळी पडते आणि कागद खाते. धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात डोकावून या, जुने कागद कसे सांभाळतात ते बघायला मिळेल.

पहिल्या पानावरची सही, पेन्सिलीतली तारीख, कुणी कुणाला भेट दिलं ती ओळ, यातलं काहीही खोडू नका. पुस्तक कुणाकुणाच्या हातून आलं ते त्यावरूनच कळतं. मात्र शिक्का एखाद्या वाचनालयाचा असेल आणि बाजूला 'रद्द' लिहिलेलं नसेल, तर ते आधी परत करून या.