छर्ऱ्यांच्या बंदुकीचा दप्तराबाहेरचा इतिहास

दारूच्या स्फोटाऐवजी दाबलेल्या हवेच्या जोरावर गोळी किंवा छर्रा फेकणाऱ्या शस्त्राला एअरगन म्हणतात, आणि त्याच्या नळीत छर्ऱ्याला फिरकी देणारे सर्पिल आटे पाडलेले असले, तर ते एअर रायफल ठरते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत यांनी ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात अंतिम फेरी गाठली, त्या प्रकारात वापरला जाणारा ४.५ मिलिमीटरचा छर्रा म्हणजेच इंग्रजी मोजमापातील ०.१७७ इंचाचा छर्रा असून, शतकापूर्वी बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घरगुती आणि क्लबच्या नेमबाजीसाठी वापरलेल्या मापांपैकी ते सर्वांत लहान होते. त्या कारागिरांच्या रायफली आज ब्रिटनमध्ये जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचा आणि अभ्यासकांचा विषय झाल्या आहेत.

जुन्या ब्रिटिश एअरगनची दोन मुख्य घराणी आढळतात. पहिल्या घराण्यात हातपंपाने हवा ठासून भरलेली टाकी असते व त्या साठ्यावर अनेक बार काढता येतात. अठराव्या शतकात लंडनच्या एडवर्ड बेट यांच्यासारख्या कारागिरांनी अशा बंदुका श्रीमंत शिकाऱ्यांसाठी घडवल्या, तर व्हिक्टोरियन काळात हीच रचना हातातल्या काठीत दडवून ‘एअर केन’ विकल्या गेल्या. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९०३ मध्ये शेरलॉक होम्सच्या एका कथेत मारेकऱ्याच्या हाती एअरगन दिली, त्यातून या आवाज न करणाऱ्या शस्त्राविषयीचे कुतूहल दिसते. दुसऱ्या घराण्यात साठवलेली हवा नसते. दांडी ओढून किंवा नळी वाकवून एक जाड स्प्रिंग दाबून ठेवली जाते आणि चाप ओढताच सुटलेली स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, त्यामुळे नळकांड्यातील हवा क्षणात दाबली जाऊन छर्रा बाहेर पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बाजारात या दुसऱ्या प्रकारच्या स्वस्त जर्मन बंदुकांचे प्राबल्य होते. त्यांपैकी बहुतेकांची नळी बिजागरीवर मोडून खाली वाकवावी लागे, आणि बिजागरी झिजली की नळी दर वेळी नेमकी त्याच जागी बसत नसल्यामुळे नेम बिघडत असे. बर्मिंगहॅममधील स्टीलहाउस लेन येथील बंदूक व्यावसायिक लिंकन जेफरीज यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत नळी पक्की बसवलेली होती. स्प्रिंग दाबण्याचे काम नळीखालच्या दांडीकडे सोपवले होते आणि छर्रा भरण्यासाठी ‘लोडिंग टॅप’ नावाचा, भोक पाडलेला फिरता तुकडा वापरला होता. या रायफली बनवण्याचे काम बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच बीएसए, या १८६१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे आले आणि १९०५ पासून उत्पादन सुरू झाले. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपल्यानंतर लष्करी मागणी ओसरलेली होती, त्यामुळे लष्करी रायफलींसाठी उभारलेली यंत्रे आणि सूक्ष्म मापांची शिस्त एका नागरी वस्तूच्या कामी आली.

त्याच युद्धात ब्रिटिश सैनिकांच्या नेमबाजीतील उणिवा उघड झाल्याने सामान्य नागरिकांनाही नेमबाजी यावी, असा आग्रह वाढला व रायफल क्लब निघू लागले. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या भागात मद्यगृहांतून ‘बेल टार्गेट’ हा खेळ रुजला. त्यात पोलादी पत्र्याच्या मध्यभागी लहानसे छिद्र असते आणि छर्रा त्यातून आरपार गेला की मागची घंटा वाजते. कमी अंतरावरच्या या बंदिस्त खेळाला अचूक, टिकाऊ आणि फारसा आवाज न करणारी रायफल हवी होती, आणि नव्या रचनेने ती पुरवली.

या रायफलींचा अभ्यास करताना एक मूलभूत अडचण येते. दारूने चालणाऱ्या बंदुकीची नळी ब्रिटनमध्ये लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या ‘प्रूफ हाउस’मध्ये, म्हणजे शस्त्रांची कायदेशीर ताकद-चाचणी करणाऱ्या संस्थेत तपासली जाते आणि तिच्यावर उमटवलेल्या ठशांवरून तिचा काळ बराचसा ठरवता येतो, एअरगनला मात्र ही चाचणी सक्तीची नव्हती. म्हणून अभ्यासकाला अन्य खुणांवर विसंबावे लागते. पेटंट क्रमांक ही त्यांतील महत्त्वाची खूण होय. १९१६ पूर्वी ब्रिटिश पेटंटचे क्रमांक दर वर्षी एकपासून सुरू होत असल्याने क्रमांकासोबत वर्ष लिहिणे आवश्यक असे, तर १९१६ पासून एक लाखाच्या पुढची सलग मालिका चालू झाली. त्यामुळे क्रमांकाचे रूपच काळ सुचवते. अर्थात पेटंटचे वर्ष ही केवळ सर्वांत आधीची मर्यादा असते, कारण तोच ठसा पुढे अनेक वर्षे मारला जाई. विक्रेत्याचा पत्ता व अनुक्रमांक यांवरून काळ आणखी नेमका करता येतो. १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्याने ब्रिटिश नावाने विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावर मूळ देश दाखवणे भाग पडले, म्हणून ब्रिटिश दुकानाचे नाव असलेली बंदूक जर्मन कारखान्यात बनली असल्यास तेही उलगडू शकते.

दोन महायुद्धांमधल्या काळात वेब्ली अँड स्कॉट या बर्मिंगहॅमच्याच कंपनीने १९३२ मध्ये ‘मार्क टू सर्व्हिस’ ही रायफल आणली. तिची नळी सहज काढता येत असे आणि एकाच बंदुकीला ०.१७७, ०.२२ व ०.२५ इंच अशा तीन मापांच्या नळ्या बसवता येत. दुसऱ्या महायुद्धात कारखाने पुन्हा लष्करी कामाकडे वळले. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बीएसएच्या स्मॉल हीथ येथील कारखान्यावर बाँब पडून ५३ कामगार मृत्युमुखी पडले. युद्धानंतर कंपनीने १९४८ मध्ये ‘एअरस्पोर्टर’ ही नवी रायफल आणली. नळीखालची दांडी तिच्यातही होती, मात्र दांडी ओढताच टॅप आपोआप उघडण्याची सोय नवी होती.

अशा रायफलीचे मोल ठरवताना ती किती मूळ स्थितीत आहे, याला संग्राहक सर्वाधिक महत्त्व देतात. पोलादावरचा निळसर काळा मुलामा विटला, म्हणून धातू घासून नव्याने मुलामा चढवला, तर उथळ ठसे पुसट होतात. लाकडी दस्ता सँडपेपरने घासला, तर त्यावरचे व्यापारचिन्ह जाते. झिजलेली स्प्रिंग किंवा दट्ट्याचा चामडी वॉशर बदलणे मात्र वापरातील देखभालीचा भाग मानला जातो, फक्त काढलेले जुने भाग रायफलीसोबत जपून ठेवणे इष्ट असते.

संग्रहाला कायद्याचीही चौकट आहे. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १६ ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली सामान्य एअर रायफल परवान्याविना बाळगता येते, पण स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून त्यासाठी प्रमाणपत्र लागते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या मापाच्या एअरगनला परवाना आवश्यक आहे. त्यामुळे एखाद्या घरात वारशाने आलेली ०.२२ इंचाची जुनी रायफल ऊर्जेने कमी असली, तरी मापामुळेच परवान्याच्या कक्षेत येते.

एका रायफलीवरचा क्रमांक एकट्याने फारसे काही सांगत नाही. परंतु अनेकांच्या संग्रहांतील क्रमांक, ठसे आणि लहानसहान बदल शेजारी मांडले, की कोणता बदल कोणत्या टप्प्यावर झाला, हे क्रमवार दिसू लागते. म्हणूनच जाणकार संग्राहक चकचकीत केलेल्या रायफलीपेक्षा गंजाचे डाग असलेली, पण ठसे शाबूत राहिलेली रायफल पसंत करतो, कारण पहिली केवळ त्याच्या भिंतीची शोभा वाढवते, तर दुसरी इतरांच्या अभ्यासालाही उपयोगी पडते.