औषधाच्या वाटेने येणारे व्यसन

ज्या घरात मद्य, तंबाखू, जुगार यांना कधी थारा मिळाला नाही, सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार जेथे लहानपणीच होतो, त्या घरातील माणसांना व्यसन ही दुसऱ्याच्या घरची गोष्ट वाटते. हा विश्वास बहुतांशी खराही असतो. परंतु एक व्यसन असे आहे, की जे आडवाटेने येत नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या दुकानातून, अनेकदा घरच्याच माणसाच्या हातून घरात येते. म्हणूनच ते ओळखण्यास फार उशीर होतो.

सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या कापड व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. कुटुंबप्रमुखाने पन्नाशी ओलांडलेली आहे. मणक्यातील चकती सरकल्याने शस्त्रक्रिया होते आणि डॉक्टर दहा दिवसांसाठी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या देतात. दहा दिवस संपतात, पण गोळी थांबत नाही. ओळखीचा औषधविक्रेता जुन्या चिठ्ठीवर पाकीट देत राहतो. प्रथम रात्रीपुरती असलेली गोळी पुढे दुकान उघडण्यापूर्वी घेतली जाते. मग उधारी बुडाली की, मन खिन्न झाले की घेतली जाते. चतुर्दशीच्या उपवासाला गोळी चुकते आणि संध्याकाळपासून नाक वाहू लागते, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात कळा येतात. ‘यांना उपवास सोसत नाही,’ असे घरचे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पारण्यानंतर गोळी पोटात जाताच सारे शांत होते. वास्तविक उपवासाने काहीच बिघडवलेले नसते. लपलेली गोष्ट त्याने केवळ उघड केलेली असते.

कोणती गोळी, कोणता धोका

सर्व वेदनाशामके सारखी नसतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची अशी ओढ लागत नाही. मात्र अतिवापराने यकृत, जठर वा मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते आणि डोकेदुखीवर वारंवार घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. व्यसनाचा धोका असतो तो अफूवर्गीय औषधांचा : कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल. ट्रॅमाडॉल अनेकदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असते. त्यामुळे पाकिटावरील व्यापारी नावावर न थांबता घटकद्रव्ये वाचावीत. अशा गोळ्यांची संख्या वाढली की पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो आणि ट्रॅमाडॉलच्या मोठ्या मात्रेने झटके येण्याचा धोकाही असतो.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, १० ते ७५ या वयोगटातील सुमारे २ टक्के भारतीय अफूवर्गीय पदार्थ सेवन करत होते, औषधी स्वरूपातील अशा पदार्थांचा वापर करणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ १ टक्का होते. ट्रॅमाडॉलचा वाढता गैरवापर पाहून २०१८ मध्ये ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

शरीरात काय घडते

ही औषधे मेंदूतील ठरावीक ग्राहींना चिकटून वेदनेची जाणीव मंद करतात आणि सुखाची भावना निर्माण करतात. काही आठवड्यांत मेंदू त्यांना सरावतो. तोच परिणाम मिळण्यास अधिक मात्रा लागते. काहींच्या बाबतीत दीर्घ वापराने वेदनेची संवेदनशीलता उलट वाढते. माणूस दुखते म्हणून गोळी घेतो आणि गोळीमुळे अधिक दुखते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. शरीराला औषधाची सवय होणे म्हणजे व्यसन नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाला देखरेखीखाली मॉर्फिन देणे ही करुणा आहे. भीतीपोटी त्याची गोळी रोखू नये. हानी दिसत असूनही गोळीवरील ताबा सुटतो, तेव्हा ते व्यसन होते.

ओळखण्याच्या खुणा

• ठरलेल्या मात्रेपेक्षा अधिक किंवा ठरलेल्या मुदतीनंतरही गोळी घेणे.
• वेदना नसताना झोपेसाठी, उत्साहासाठी वा चिंता विसरण्यासाठी घेणे.
• दोन-तीन डॉक्टरांकडून किंवा निरनिराळ्या दुकानांतून गोळ्या मिळवणे.
• पाकिटे लपवणे, विचारले असता चिडणे, साठा संपत आला की अस्वस्थ होणे.
• दिवसा पेंग, सततची बद्धकोष्ठता, हिशेबातील चुका, घरच्यांपासून दुरावा.

एकदम त्याग नको

त्यागाची परंपरा असलेल्या घरात हे उमगताच पहिला विचार येतो तो नियम घेण्याचा : आजपासून गोळी बंद. हेतू निर्मळ असला, तरी हा मार्ग बहुधा फसतो. वापर थांबल्यावर साधारणतः एका दिवसाच्या आत त्रास सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोहोचतो. जुलाब, घाम, निद्रानाश, तीव्र तगमग यांपुढे नियम मोडतो आणि मग व्यसनाच्या दुःखात नियमभंगाच्या अपराधी भावनेची भर पडते. आपण दुर्बळ आहोत, असे वाटून माणूस आणखी लपवू लागतो. वस्तुतः येथे इच्छाशक्ती हरलेली नसते. मेंदूची घडी बदललेली असते आणि ती पूर्ववत होण्यास अवधी व उपचार लागतात.

मनोविकारतज्ज्ञ मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत महिन्याला सुमारे दहा टक्के इतकी मंद गतीही ठेवली जाते. आवश्यक तेथे ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देखरेखीखाली देतात. हे एका व्यसनाच्या जागी दुसरे नव्हे, तर तोल सावरेपर्यंतचा आधार आहे. मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष झाले तर गोळी परत येते. म्हणून व्यायामोपचार, योग्य बैठक, झोप आणि समुपदेशन यांची जोड हवी. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्राने कुटुंबालाही उपचारात सामील करून घेण्याचे महत्त्व महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय दूरध्वनी क्रमांकांवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

घरच्यांचे कर्तव्य

उपदेश आणि उपहास दोन्ही टाळावेत. ‘धर्म जाणणाऱ्या माणसाला हे शोभते का?’ हा एक प्रश्न उपचाराचे दार बंद करू शकतो. त्याऐवजी, ‘बाबा, आपण दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ,’ असे मुलाने म्हणावे. गोळ्या एकाच व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात ठेवाव्यात; उरलेल्या गोळ्या पुढे कधी लागतील म्हणून जपून ठेवू नयेत. काही काळ सुटल्यानंतर पुन्हा गोळी घेतली गेलीच, तर जुनी मात्रा प्राणघातक ठरू शकते, कारण तोवर शरीराचा सराव मोडलेला असतो. श्वास संथ झाला, ओठ निळसर दिसू लागले, हाक मारूनही जाग येत नसेल, तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

अशा घरात नियम घ्यायचाच असेल, तर तो गोळी एका दिवसात सोडण्याचा नसावा. किती गोळ्या घेतो, केव्हापासून घेतो, कोठून आणतो, हे डॉक्टरांना आणि घरातील एका जिवलगाला न लपवता सांगेन, एवढाच असावा. पुढच्या उपचाराची सुरुवात त्या सत्यकथनापासूनच होते.