डोंगरावर धावणाऱ्यांची शिरगणती

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळी मुलांना घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. परतताना बसमध्ये डोकी मोजली, ४२ भरली आणि गाडी सुटली. बेळगावच्या वाटेला लागल्यावर ध्यानात आले की, दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा मित्राशेजारी म्हणून आमच्या गाडीत येऊन बसला आहे आणि आमचा एक गडावरच राहिला आहे. गाडी उलट फिरवली. पोर बुरुजाखाली मुसमुसत बसलेले सापडले. आकडा बरोबर होता, माणूस चुकला होता. ही गोष्ट आमच्या मनाला इतकी लागली की, डोंगरात माणसे मोजण्याची रीत जेथे मुरली आहे, त्या इंग्लंडातील डोंगरशर्यतींची माहिती आम्ही मुद्दाम मिळवली. तीच येथे देत आहोत.

इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगरास ‘फेल’ म्हणतात. तेथील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या मुलुखात अशा फेलांवर धावण्याच्या शर्यती भरतात. इंग्लंडातील सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक. त्याची उंची अवघी ९७८ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर! वाचक म्हणतील, मग भीती कसली? भीती उंचीची नव्हे, हवेची. तेथे उन्हाळ्यातही घटकाभरात धुके उतरते, वारा सुटतो, पाऊस लागतो. धावणाऱ्याच्या अंगावर कपडे बेताचे आणि तेही घामाने भिजलेले. पाय चालत असतात तोवर शरीर ऊब निर्माण करते. घोटा मुरगळून माणूस बसला की ती ऊब झपाट्याने जाते, मग बुद्धी मंदावते, आणि आपण संकटात आहोत हेही त्याला उमगत नाही. १९७८ साली यॉर्कशायरमधील ‘थ्री पीक्स’ शर्यतीत एक धावपटू असाच गारठून दगावला. म्हणून एखादा माणूस मागे राहिला आहे हे संध्याकाळी कळून भागत नाही. ते लवकर कळावे लागते.

त्यातून या शर्यतींची वाट बहुधा आखलेली नसते. नेमलेली ठाणी गाठायची. मधली वाट ज्याने त्याने नकाशा व होकायंत्र घेऊन शोधायची. साहजिकच दोन ठाण्यांच्या मध्ये माणूस कोणाच्याच दृष्टीस नसतो.

तेव्हा करतात काय? नावनोंदणीची यादी हाती असली तरी तिच्यावर विसंबत नाहीत. कारण नंबर घेऊनही ऐनवेळी न धावणारे असतातच. प्रत्यक्ष सुटले किती, हे आरंभालाच मोजतात. त्यासाठी सर्वांना एका अरुंद वाटेतून आत सोडतात. पुढे प्रत्येक ठाण्यावर स्वयंसेवक छातीवरचा नंबर पाहून टिपतो आणि बिनतारी यंत्राने खाली कळवतो. शेवटी हिशेब जुळायला हवा: सुटलेले तितकेच पोचलेले अधिक मध्येच सोडलेले. हा हिशेब नंबरवार जुळवतात, नुसत्या बेरजेवर समाधान मानत नाहीत. आमच्या ४२ची गोष्ट येथे आठवावी!

खरी अडचण मध्येच शर्यत सोडणाऱ्यांची. दमलेला गडी चुकीच्या दरीत उतरतो, तेथून भेटेल त्या मोटारीने परस्पर घरी जातो आणि गरम पाण्याने स्नान करून स्वस्थ झोपतो. इकडे त्याच्यासाठी बचावपथक रात्रभर दऱ्या धुंडाळते. ही पथके पगारी नव्हेत; गावोगावचे स्वयंसेवक आपला कामधंदा सांभाळून हे काम करतात आणि त्यांचा खर्च मुख्यतः देणग्यांवर चालतो. म्हणून ‘शर्यत सोडली तरी शेवटच्या ठाण्यावर येऊन सांगितलेच पाहिजे’ हा तेथला सर्वांत कडक नियम आहे. आम्हांला तो फार आवडला. अनुभवी व्यवस्थापक आणखी एक युक्ती करतात: सर्व आटोपल्यावर मोटारी उभ्या केलेल्या शेतात फेरी मारतात. एखादी मोटार उरली असली तर तिचा धनी कोठे, हे शोधतात.

आता बोटाला बांधायची इलेक्ट्रॉनिक कांडी निघाली आहे. ठाण्यावरील पेटीत ती खुपसली की वेळ नोंदली जाते. उपग्रहावरून ठावठिकाणा सांगणारी यंत्रेही मिळतात. पण खोल दरीत त्यांचा संदेश अडतो, थंडीत बॅटरी लवकर संपते. शिवाय ठावठिकाणा कळणे निराळे आणि तेथे वेळेवर पोचणे निराळे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत अचानक हवा फिरली. १७२ धावपटूंपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. ज्या पट्ट्यात घात झाला, तेथे मोटार जाण्यास रस्ता नव्हता, आणि उबदार अंगरखा बाळगणे सक्तीचे केलेले नव्हते. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन वाचवले.

याच्या अगदी उलट चित्र ऑक्टोबर २००८ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील बॉरोडेल येथे दिसले. दोन दिवसांची, जोडीजोडीने धावण्याची शर्यत. सुमारे अडीच हजार स्पर्धक. वादळी पावसाने ओढे फुगले, शर्यत थांबवावी लागली. ‘१७०० माणसे बेपत्ता’ अशी बातमी जगभर गेली. वस्तुतः ती बेपत्ता नव्हती. त्यांची नोंद तेवढी व्हायची राहिली होती. प्रत्येक जोडीपाशी तंबू, अन्न आणि उबेचे कपडे होते, कारण ते नियमानेच बाळगावे लागत. कोणी तंबूत, कोणी होनिस्टरच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सर्वांचा हिशेब लागला. प्राण कोणाचाही गेला नाही.

आमच्या सहलीच्या वहीत आता आकडा लिहीत नाही, नावे लिहितो. गाडीत चढताना प्रत्येकाने स्वतः आपल्या नावापुढे खूण करायची. मुले कंटाळतात, आणि गाडी दहा मिनिटे उशिरा सुटते.