ध्वनिसंकोचन, दूरध्वनीवरील

ध्वनिमुद्रित आवाजातील दूरध्वनीवरून वाहून नेता न येणारा भाग वगळून उरलेला भाग कमीत कमी अंकीय संकेतांत साठविण्याच्या क्रियेस दूरध्वनीवरील ध्वनिसंकोचन म्हणतात. बाजारभाव, हवामान किंवा अन्य सूचना यंत्राद्वारे ऐकविणाऱ्या दूरध्वनिसेवांसाठी ध्वनिफाइलींचे असे रूपांतर करावे लागते.

तत्त्व : माणसास साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. बोलणे समजण्यास मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा बहुतांशी पुरतो. म्हणून दूरध्वनीसाठी तोच प्रमाण मानला गेला. तरंगाचे अंकांत रूपांतर करताना त्यातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदास घ्यावे लागतात. त्यानुसार दूरध्वनीसाठी सेकंदाला ८,००० नमुने घेतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही संख्या ४४,१०० असून प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो.

दुसरी बचत नमुन्याच्या लेखनात होते. हळू आवाजातील बारीक फरक कान टिपतो. मोठ्या आवाजात तेवढाच फरक त्यास जाणवत नाही. म्हणून लहान परमप्रसरांसाठी मापनाच्या पायऱ्या जवळजवळ व मोठ्यांसाठी दूरदूर ठेवतात. या लघुगणकीय मांडणीमुळे नमुना ८ बिटांत बसतो : एक बिट चिन्हाचा, तीन खंडाचे व चार खंडातील स्थानाचे. जी. ७११ या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत ही मांडणी दोन प्रकारे दिली आहे. भारत व यूरोप येथे ए-नियम, तर उत्तर अमेरिका व जपान येथे म्यू-नियम वापरतात. दोन्हींत वेग सेकंदाला ६४,००० बिट असतो.

कृती : नमुने कमी करण्यापूर्वी छानकाने ४,००० हर्ट्‌झच्या वरील कंप्रता काढून टाकणे आवश्यक असते. तसे न केल्यास ५,००० हर्ट्‌झचा ध्वनी ३,००० हर्ट्‌झचा भासून गोंगाट निर्माण होतो. आवाजाची पातळी समान करून मगच फाइल ए-नियमात रूपांतरित करतात. मोबाइल जाळ्यात आवाजाचे पुन्हा संकोचन होते व दोष साचत जातात. म्हणून मूळ असंकोचित मुद्रण जपून ठेवावे लागते.

मराठीतील प्रश्न : इंग्रजीत शंभराच्या आतील संख्या सु. २८ शब्दांच्या जुळणीने सांगता येतात. मराठीत मात्र जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाव असल्याने शून्य ते नव्याण्णव असे शंभर ध्वनिखंड लागतात. त्यांना ‘शे’, ‘हजार’ व ‘लाख’ जोडून भाव उच्चारला जातो. प्रत्येकी एक सेकंद धरल्यास एकमार्गी १६ बिटांच्या मूळ मुद्रणास ८८ लाख २० हजार बाइट, तर ए-नियमात ८ लाख बाइट जागा पुरते.

मात्र याच बचतीत अर्थहानीचा धोका असतो. ‘स’ या दंत्य संघर्षी ध्वनीची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असल्याने तो क्षीण होतो; ‘श’ तुलनेने टिकतो. परिणामी ‘साठ’ व ‘आठ’ यांत घोटाळा संभवतो. ‘सात’ व ‘साठ’ यांतील अंत्य व्यंजनही नीट कळत नाही. लातूरच्या बाजारातील सोयाबीन-तुरीचा वा नांदेडच्या हळदीचा भाव किंवा औषधाची मात्रा गावी बसून ऐकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चूक नुकसानकारक ठरते. यावर उपाय म्हणजे संख्या सांगून झाल्यावर तिचे अंक ‘सहा, शून्य’ असे सुटे उच्चारणे, आकडा दोनदा ऐकविणे आणि रूपांतरित फाइल ध्वनिमुद्रण कक्षाऐवजी साध्या दूरध्वनीवर ऐकून तपासणे.

मोबाइलवरील विस्तृत पट्ट्याच्या सेवेत ५० ते ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो व ‘स’ बराच स्पष्ट येतो. तथापि मूळ फाइल किंवा मार्गातील एखादा दुवा ८,००० नमुन्यांचा असल्यास हा लाभ मिळत नाही.