गळती नेमकी कुठे?

1950च्या दशकात लहान मुलांचा एक आजार डॉक्टरांना बुचकळ्यात टाकत होता. सकाळी उठलं की मुलाचे डोळे सुजलेले, मग पायांवर सूज, पोट फुगलेलं. लघवीला फेस; तपासली तर तीत प्रथिनंच प्रथिनं. रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातंय, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीत कुठेतरी बिघाड असणार, हे उघड होतं. पण मूत्रपिंडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सगळं ठाकठीक. गळती तर चालू होती, पण भोक काही सापडत नव्हतं.

मॅरिलिन फार्क्वार यांनी त्या भोकाच्या शोधात जवळजवळ सगळी हयात घालवली. त्यांच्या कामावरून ओळीने नजर फिरवली की एकच प्रश्न पुन:पुन्हा भेटतो: नेमकं कुठे? त्यांची काही उत्तरं पुढे अपुरी ठरली, एक महत्त्वाचं उत्तर तर माणसाला जसंच्या तसं लागूच पडलं नाही. तरीही प्रश्न धरून ठेवण्याची त्यांची चिकाटी मला त्या उत्तरांइतकीच मोलाची वाटते.

कॅलिफोर्नियातल्या तुलारी या शेतीच्या गावात 1928 साली त्यांचा जन्म झाला. बर्कलेला प्राणिशास्त्र, मग सॅन फ्रान्सिस्कोला वैद्यकीय शिक्षण. पण डॉक्टरकीची वाट अर्ध्यावर सोडून त्या प्रायोगिक विकृतिशास्त्राकडे वळल्या आणि 1955मध्ये पीएच.डी. झाल्या. वेळ नामी साधली गेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नुकताच जीवशास्त्राच्या हाती आला होता, त्याला लागणारे अतिपातळ काप कसे घ्यायचे हे लोक शिकत होते. आणि पाठीतून सुई घालून जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा नमुना घेण्याची पद्धत कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी 1951मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याआधी आजारी मूत्रपिंड पाहायला मिळायचं ते बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावर.

आता थोडं गाळणीविषयी. प्रत्येक मूत्रपिंडात गाळणीचे सुमारे दहा लाख संच असतात आणि प्रत्येकात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता. या वाहिन्यांच्या भिंतीला तीन थर: आतल्या बाजूला छिद्रं असलेल्या पेशी, मध्ये एक अखंड पटल आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. पोडोसाइटचं रूप मोठं विलक्षण. तिला असंख्य पाय फुटलेले असतात आणि शेजारशेजारच्या पेशींचे पाय दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तसे एकमेकांत बसलेले असतात. दोन पायांमधली फट जेमतेम 40 नॅनोमीटरची. या भिंतींतून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीडेक लिटर लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकीचा शरीर परत घेतं. अल्ब्युमिन मात्र रक्तातच राहतं. निदान राहायला हवं.

मिनेसोटा विद्यापीठातले रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांच्याबरोबर फार्क्वार यांनी रुग्णांचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. 1957मध्ये निबंध आला. सुजलेल्या मुलांच्या मूत्रपिंडात पोडोसाइटचे पायच हरवले होते. ते सपाट होऊन एकमेकांत मिसळले होते. गुंफणीच्या जागी पेशीचा एक सलग थर पसरलेला. साध्या सूक्ष्मदर्शकाला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण दृश्य प्रकाशात सुमारे 200 नॅनोमीटरच्या खालचे तपशील वेगळे दिसत नाहीत. आधीच्या डॉक्टरांची नजर कमी पडली नव्हती, त्यांचं हत्यार तोकडं होतं. त्याच निबंधात मूत्रपिंडदाह आणि ल्युपस या आजारांचेही नमुने होते, आणि तिथे बिघाड निराळ्या थरांत दिसत होता. लघवीत प्रथिन जाणं हे एकच लक्षण. पण मोडतोड प्रत्येक आजारात वेगळ्या मजल्यावर.

मग पुढचा पेच आला. पाय सपाट झाले म्हणून प्रथिन गळतं, की प्रथिन गळतं म्हणून पाय सपाट होतात? नुसत्या छायाचित्रावरून याचा निकाल लागत नाही. 1958 साली फार्क्वार न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पालाडे यांच्याकडे गेल्या आणि तिथे त्यांनी एक देखणी युक्ती वापरली. फेरिटिन हे शरीरात लोह साठवणारं प्रथिन. त्याच्या गाभ्यात लोह असल्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा एकेक रेणू काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. उंदराच्या शिरेत फेरिटिन सोडायचं, ठरावीक वेळाने मूत्रपिंड काढायचं आणि ठिपके कुठवर पोचले ते पाहायचं. निरोगी उंदरात ठिपके मधल्या पटलाच्या रक्ताकडच्या बाजूला येऊन थबकलेले. पलीकडे गेलेले थोडेच, आणि तेही पोडोसाइटने गिळलेले. आजारी उंदरात मात्र कितीतरी ठिपके पटल ओलांडून गेलेले. 1961मध्ये निष्कर्ष मांडला गेला: खरी गाळणी म्हणजे मधलं पटल, आणि दोषही तिथेच.

हे सगळ्यांना पटलं नाही. हार्वर्डच्या मॉरिस कार्नोव्हस्की यांनी वेगळी प्रथिनं सोडून पाहिली, तर काही पटल पार करून थेट पोडोसाइटच्या पायांमधल्या फटीशी अडकलेली दिसली. म्हणजे शेवटचा अडसर फटीत! पटल की फट, हा वाद मग कितीतरी वर्षं रंगला. वरवर पाहता हा तज्ज्ञांचा किरकोळ तंटा वाटेल. पण औषध शोधायचं तर बिघाड कोणत्या थरात आहे हे आधी ठरायला नको का?

दरम्यान 1963मध्ये फार्क्वार आणि पालाडे यांनी पेशी एकमेकींना कशा जोडलेल्या असतात यावर एक निबंध लिहिला. आतडं, जठर, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांच्या अस्तरांमध्ये त्यांना सांध्यांची एकच रचना ठरलेल्या क्रमाने दिसली: वर द्रव अडवणारा घट्ट सांधा, खाली पकड देणारे दोन. आज जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे चित्र हमखास असतं. 1970मध्ये दोघांनी लग्न केलं, चार वर्षांनी पालाडे यांना नोबेल मिळालं, आणि 'नोबेल विजेत्याची पत्नी' ही ओळख फार्क्वार यांना चिकटली. वर आलेले त्यांचे गाजलेले निबंध लग्नाआधीचे आहेत, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

येल विद्यापीठात असताना त्यांनी पटलाचीच बाजू आणखी रेटली. यशपाल कंवर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दाखवलं की पटलात हेपरान सल्फेट नावाची ऋण विद्युतभाराची शर्करासाखळी असते आणि विकर वापरून ती काढून टाकली की फेरिटिन सरळ आरपार जातं. अल्ब्युमिनवरही ऋणभारच असतो, तेव्हा सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात हे स्पष्टीकरण फारच मोहक होतं. ते पाठ्यपुस्तकांत गेलं आणि बरीच वर्षं राहिलं. पुढे जनुकं बदलून ही साखळी जवळपास नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांच्या लघवीत फारसं अल्ब्युमिन उतरलं नाही. त्याआधीच, 1998मध्ये, स्वीडनच्या कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने फिनलंडमधल्या जन्मजात आजारी बाळांमध्ये बिघडलेलं जनुक शोधलं होतं. त्यापासून बनणारं नेफ्रिन हे प्रथिन पोडोसाइटच्या पायांमधल्या फटीत असतं. ते नसेल तर गळती जन्माआधीच सुरू होते. पारडं फटीकडे झुकलं. पण काही आनुवंशिक आजारांत पटलातल्या प्रथिनांचा दोषही गळती घडवतो, त्यामुळे पटलही निर्दोष सुटलेलं नाही.

मला त्यांच्या कामातला सर्वांत रंगतदार भाग वाटतो तो वेगळाच. क्लीव्हलंडच्या वॉल्टर हायमन यांनी 1959मध्ये उंदरांना मूत्रपिंडाचाच अर्क टोचून आजारी पाडलं होतं. या उंदरांच्या पटलाबाहेर, पोडोसाइटच्या पायांखाली, प्रतिपिंडांचे गठ्ठे साचत. माणसातही मेम्ब्रेनस नेफ्रोपथी नावाचा अगदी असाच दिसणारा आजार आहे, आणि मोठ्या माणसांत तो बराच आढळतो. हे गठ्ठे रक्तातून वाहत येऊन अडकतात, असा समज होता. फार्क्वार आणि व्हिएन्नाहून आलेले डोन्चो केर्याश्की यांनी 1982मध्ये प्रतिपिंडांचं लक्ष्य शोधून काढलं: पेशीच्या पृष्ठभागावरचं एक अवाढव्य प्रथिन. ते मूत्रनलिकांच्या पेशींवर होतंच, पण उंदराच्या पोडोसाइटवरही होतं. म्हणजे प्रतिपिंड पोडोसाइटवरच्या प्रथिनाला जागेवरच पकडतात आणि गठ्ठा तिथेच तयार होतो.

हे प्रथिन म्हणजे मेगालिन. 1994मध्ये फार्क्वार यांच्या गटाने त्याची संपूर्ण रचना वाचली. चार हजार सहाशेहून अधिक अमिनो आम्लांची साखळी. गाळणीतून निसटलेली छोटी प्रथिनं आणि त्यांच्याबरोबरचं ड जीवनसत्त्व नलिकेतून परत ओढून घेणं हे त्याचं रोजचं काम. जेंटामायसिन हे प्रतिजैविकही ते तितक्याच तत्परतेने पेशीत घेतं, आणि त्या औषधाने मूत्रपिंड दुखावण्यामागचं हे एक कारण.

अडचण एवढीच की माणसाच्या या आजारात मेगालिन हे लक्ष्य नव्हतं. उत्तर उंदरापाशी संपलं. पण जागा आणि रीत बरोबर होती, आणि त्याच वाटेने पुढचे गेले. 2009मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांना माणसाच्या पोडोसाइटवरचा एक ग्राही सापडला. सुमारे 70 टक्के रुग्णांत प्रतिपिंड त्याच्यावर उठतात. आता रक्ताच्या चाचणीत ते प्रतिपिंड सापडले, तर अनेक रुग्णांची सुईतपासणी टळते. फार्क्वार तेव्हा ऐंशी ओलांडून सान दिएगोत काम करत होत्या. 2019मध्ये, 91व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उरलेल्या रुग्णांतली लक्ष्यं अजून एकेक करून सापडताहेत. 2020मध्ये नेल-1 नावाचं एक प्रथिन हाती लागलं, आणि या कथेचं एक टोक आपल्याकडे पोचलं. 2021 ते 2023 या काळात केरळच्या डॉक्टरांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे 22 रुग्ण तपासले. पैकी 15 जणांत नेल-1 निघालं, आणि त्यातल्या 13 जणांनी आजाराआधी गोरेपणाची क्रीमं वापरली होती. अशा काही क्रीमांत पारा असतो. महाराष्ट्रातूनही असे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची गळती आटोक्यात आली. पण पारा अंगात मुरल्यावर शरीर नेमकं याच प्रथिनावर का उलटतं, याचा उलगडा व्हायचा आहे.