राजा नव्हता, धर्म होता

धाराशिवच्या अभ्यासिकांमधल्या मुलांकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता वैताग येतो. ‘सर, कोकणातले बेने इस्राएल मुळात तेलीच. डेव्हिड रहाबी आला आणि त्याने त्यांना ज्यू केलं.’ कशावरून? ‘धर्मगुरू नव्हता, ग्रंथ नव्हता. मग धर्म कसला?’

ज्या कथेवर हे सगळं उभं केलं जातं, ती तरी नीट ऐका. रहाबी हा बाहेरून आलेला ज्यू; तो नेमका कधी आला यावर एकमत नाही, कुणी इ.स. 1000च्या आसपास म्हणतं, कुणी अठरावं शतक. पण समाजातली आठवण अशी की या लोकांबद्दल त्याला शंका होती, म्हणून त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे रांधायला ठेवले. बायकांनी पंख आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. तोरा या ज्यू धर्मग्रंथातला नियम नेमका हाच! परीक्षेआधीच उत्तर येत होतं, तर परीक्षकाने धर्म दिला कसा?

शिवाय हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं ते त्यामुळेच. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ होती. ग्रंथ जवळ नसला तरी ती येते, अशी नोंद मिशनरी सार्टोरियसच्या 1738च्या पत्रात आहे. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास चाळा. त्यात सणांची नावंसुद्धा अस्सल मराठी सापडतील: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. हा शेवटचा म्हणजे योम किप्पूर, दारं लावून उपास करायचा दिवस. रहाबीने हिब्रू आणि विधी शिकवले, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतून काजी नेमले, असं परंपरा सांगते. काजी गावोगाव फिरून लग्नं लावत, तंटे मिटवत. गावात मुकादम असे. मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं ते 1796 साली.

धर्मगुरू, ग्रंथ, पदं नसली की धर्मच नसतो, असं वाटत असेल तर मूळ इस्राएलींकडेच बघा. सुमारे इ.स.पू. 1208चा, इजिप्तचा फारो मेरनेप्ता याचा शिलालेख कैरोच्या संग्रहालयात आहे. त्यात इस्राएलचा उल्लेख देश म्हणून नाही, लोक म्हणून आहे. पहिला राजा शौल यानंतर जवळजवळ दोन शतकांनी आला. तोवर ना राजा, ना यरुशलेमचं मंदिर. टोळ्या होत्या, वडीलधारे होते, शिलोला कराराचा कोश होता आणि संकट आलं की एखादा शास्ता पुढे व्हायचा. दबोरा तर एफ्राइमच्या डोंगरात खजुराच्या झाडाखाली बसून लोकांचे वाद ऐके. गिदोनाला लोकांनी राजपद देऊ केलं, त्याने ते नाकारलं. राज्य देवाचं, हे त्याचं कारण. बायबलमधल्या या कथा बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांतला प्रत्येक प्रसंग इतिहास म्हणून घेऊ नये. पण राजा नसलेला समाज असावा, असं शिलालेखही सुचवतो.

पदाशिवाय अधिकार कसा, हे आपल्या जिल्ह्यात तरी विचारू नये. संतमंडळींत कच्चं मडकं कोण हे सांगायचा मान आख्यायिकेने तेरच्या गोरोबाकाकांना दिला. त्यांच्याकडे कुठल्या राजाची सनद नव्हती.

बाकीचे समज थोडक्यात. कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून बेने इस्राएलांचे पूर्वज, सात पुरुष आणि सात बायका, वाचले, ही परंपरा आहे, पुरावा नव्हे. चित्पावन आणि बेने इस्राएल एकाच जहाजातले, हे दोघांच्या मूळकथांतल्या चौदा या आकड्याच्या साम्यावर रचलेलं. त्याला आधार नाही. ‘नुसते धर्मांतरित’ असंही नाही: 2016च्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा ठळक वाटा दिसला. ‘आजच्या इस्राएल देशाने त्यांना लगेच आपलं मानलं’ हेही खोटं. लग्नाच्या प्रश्नावर तिथल्या धर्मपीठाने अडवलं, तेव्हा त्यांना आंदोलन करावं लागलं आणि 1964 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली.

आणि ‘आता इथे कुणी उरलं नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी: मुंबई, ठाणे आणि रायगडात हा समाज आजही आहे, आणि 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.